विश्वनाथ भिंगारदिवे यांचं अठ्ठ्याऐंशी सालचं वचन

विश्वनाथ भिंगारदिवे बांधकाम खात्यात रोलर चालवायचा. सिल्वासात तेव्हा कारखाने इतक्या झपाट्याने उभे राहत होते की रस्ते त्यांच्या मागून यायचे आणि रस्त्यांच्या मागून विश्वनाथ. त्याला घाई कधीच नव्हती. रोलरवर बसणाऱ्याला घाई असून चालतही नाही.

नाव विश्वनाथ आणि धर्म ख्रिस्ती, यात आमच्या नगरकडच्या माणसाला काही वावगं वाटत नाही. सिल्वासात मात्र प्रत्येक नव्या साहेबाला ते नव्याने समजावून सांगावं लागे. एका साहेबाने तर त्याला "ते ठीक आहे, पण खरं नाव सांगा" असं म्हटलं होतं. विश्वनाथने पुन्हा तेच नाव सांगितलं आणि कामाला गेला. भांडणं करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. देव सोडला तर तो कुणाशी भांडल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मी विजया. सरकारी मराठी शाळेत मास्तरीण होते, सिल्वासाच्या डोकमर्डी भागात राहत होते आणि आमच्या मंडळीची चिटणीस होते. मंडळी म्हणजे एकोणीस कुटुंबं. गावातलं पोर्तुगीजांच्या वेळचं मोठं चर्च कॅथलिकांचं. आम्ही डोकमर्डीत एका चाळीच्या टोकाला भाड्याच्या दोन खोल्यांत जमायचो. मधली भिंत पाडायला मालकाने परवानगी दिली नव्हती, त्यामुळे निम्म्या मंडळीला पाळक, म्हणजे पाद्री, दिसायचे आणि निम्म्यांना नुसते ऐकू यायचे. चिटणीस म्हणून माझ्याकडे सगळी लिहायची कामं. पुढे जे झालं ते या लिहिण्यातूनच झालं, म्हणून आधी सांगून ठेवते की चूक माझी होती.

आमच्यात एक जानेवारीला वचन काढतात. शास्त्रातलं एकेक आश्वासन चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, प्रार्थना करून एकेकाने एकेक उचलायची. मग उभं राहून मोठ्याने वाचायची आणि सगळ्यांनी आमेन म्हणायचं. ते त्या माणसाचं त्या वर्षाचं वचन. देवाने त्यालाच दिलेलं. लोक ते पाकिटात ठेवतात, देवघर नसतं म्हणून कपाटाच्या दाराला आतून चिकटवतात. वचन बदलून मिळत नाही. मंडळीतल्या अरविंदच्या सासूबाईंनी एकदा धीर धरण्याबद्दलचं वचन गुपचूप परत टाकून दुसरं काढलं. तेही धीर धरण्याबद्दलच निघालं. त्यानंतर कुणी तो उद्योग केला नाही.

पंच्याऐंशीच्या एक जानेवारीला विश्वनाथच्या बायकोने, शोभाने, चिठ्ठी उचलली. दीर्घायुष्याचं वचन होतं. तिने ते हसतहसत वाचलं, सगळे आमेन म्हणाले. ऑगस्टमध्ये शोभा काविळीने गेली. एकतीस वर्षांची होती. तिचा जीव वाचावा म्हणून आम्ही सगळ्यांनी उपास केले, प्रार्थना केल्या, विश्वनाथने तर अकरा दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नाही. पुरल्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याने ती चिठ्ठी माझ्या घरी आणून दिली. "बाई, हे तुमचं अक्षर," एवढंच म्हणाला. मी त्या चिठ्ठीचं काय केलं ते सांगत नाही. पण तेव्हापासून मी दीर्घायुष्याची वचनं लिहायची सोडली. ते देवाचं काम आहे, माझं नाही, हे मला कळतं. तरी हात वळत नाही.

त्यानंतर विश्वनाथ उपासनेला आला नाही. सात वर्षांची मुलगी होती, जुई. तिला शोभाच्या थोरल्या बहिणीने, अनुराधाने, संगमनेरला नेलं. "थोडे दिवस," असं ठरलं होतं. अनुराधाला मूल नव्हतं. थोड्या दिवसांची दोन वर्षं झाली. सत्त्याऐंशीच्या दिवाळीत अनुराधाच्या नवऱ्याचं पत्र आलं की जुईला आम्ही रीतसर दत्तक घ्यावं असं दोघांच्या मनात आहे, तुम्ही मे महिन्यापर्यंत विचार करून कळवा, मग कागद करू. पत्रात एक शब्द वाकडा नव्हता. विश्वनाथने ते मला वाचायला दिलं.

"काय करणार?" मी विचारलं.

"माणसं चांगली आहेत," तो म्हणाला.

हे काही उत्तर नव्हे. पण त्या घरात मी डोकावले होते. चुलीवर... म्हणजे स्टोव्हवर एकच पातेलं, त्यात सकाळचा भात संध्याकाळपर्यंत. शोभाच्या साड्या दोरीवर तशाच. दहा वर्षांच्या मुलीला तिथे कुणी आणा म्हणालं असतं तर मीच नको म्हटलं असतं. त्यालाही ते दिसत होतं. तो मुलगी देऊन टाकणार, हे मला कळून चुकलं.

नाताळच्या सुटीत जुई आठ दिवस आली. एक जानेवारीला ती बापाला म्हणाली की मी एकटी उपासनेला जाणार नाही. विश्वनाथ म्हणाला मग नको जाऊस. ती उंबऱ्यात बसून राहिली. मुलगी आईवर गेलेली. सकाळी साडेसातची उपासना, कारण नंतर लोकांना ऑफिस आणि कारखाना. आणि सात पंचवीसला जुई बापाचं बोट धरून दारात हजर. सगळ्यांच्या माना वळल्या. भिंतीपलीकडच्यांना काही दिसलं नाही, पण शांतता ऐकून त्यांनीही माना वळवल्या.

आता माझी चूक. त्या वर्षी आमच्या कमिटीने ठरवलं होतं की मंडळीची कामंही चिठ्ठ्या टाकून वाटायची. कारण कुणी आपणहून पुढे येत नव्हतं. फरशी पुसणं, चहा, सतरंज्या झटकणं वगैरे. त्यातलं सगळ्यांत नकोसं काम म्हणजे खानवेलच्या चिमाबाई. सत्तरीपुढच्या, एकट्या, डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना दर रविवारी पहाटेच्या बसने जाऊन आणायचं आणि दुपारी परत पोचवायचं. रविवार अख्खा जातो आणि वर बाई गोड बोलणाऱ्यांतल्या नाहीत. आळीपाळीने आणायचं ठरलं होतं; आळी यायची, पाळी यायची नाही. शेवटचे आठ महिने त्यांना कुणी आणलंच नव्हतं.

मी शाळेतल्या उरलेल्या उत्तरपत्रिकांचे कागद कापले, एकाच बैठकीत वचनं लिहिली, कामं लिहिली, घड्या घातल्या. वचनं एका डब्यात, कामं दुसऱ्यात; कामांचा डबा नंतर कमिटीत काढायचा होता. मधेच शेजारीण विरजण मागायला आली. परत येऊन मी वचनं मोजली, एक्केचाळीस भरली. बरोबर. वचनं मी चाळीसच लिहिली होती, हे मला नंतर आठवलं.

डबा फिरत विश्वनाथपाशी आला. त्याने तो पुढे सरकवला. जुईने परत त्याच्यापुढे धरला. असं दोनदा झालं. पाळकसाहेब वापीहून आलेले, वयस्कर आणि कानांनी कमी. ते डोळे मिटून वाट बघत होते. शेवटी विश्वनाथने चिठ्ठी काढली, उभा राहिला, चष्मा नव्हता म्हणून हात लांब केला आणि वाचलं,

"चिमाबाईंना दर रविवारी खानवेलहून आणावे व परत पोचवावे."

मी अरविंदकडे बघितलं. अरविंद म्हणजे मंडळीचा वडील, म्हणजे कारभार बघणारा, धाग्याच्या कारखान्यात सुपरवायझर, नियमाचा पक्का माणूस. त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात पाळकसाहेबांनी खणखणीत आवाजात "आमेन" म्हटलं. पाळक म्हणाले म्हटल्यावर मंडळी म्हणाली. अरविंदचं तोंड उघडंच होतं, त्यामुळे त्यानेही म्हटलं.

विश्वनाथने चिठ्ठी पुन्हा एकदा मनात वाचली, घडी घातली, खिशात ठेवली आणि बसला. जुईने आपलं वचन वाचलं, ते आनंदाबद्दल काहीतरी होतं, पण कुणाचं लक्ष नव्हतं.

चहाच्या वेळी अरविंदने मला कोपऱ्यात गाठलं. "त्याला सांगा. हे वचन नाही, काम आहे."

"अडीच वर्षांनी माणूस आलाय. आज सांगू?"

"मग कधी?"

"रविवारी तो जाणारच नाही. आपोआप मिटेल."

रविवारी नऊ वाजता खानवेलची बस आली आणि तिच्यातून चिमाबाई उतरल्या. मागे विश्वनाथ, त्याच्या हातात चिमाबाईंची पिशवी, आणि पिशवीत एक कोंबडी. शेजारणीचा कुत्रा कोंबड्या धरतो म्हणून चिमाबाईंनी ती एकटी ठेवायला नकार दिला होता. कोंबडी उपासनेला थांबली. ती शांत होती. चिमाबाई पहिल्या गीतालाच झोपल्या.

असं दर रविवारी सुरू झालं. कोंबडीची पुढे काहीतरी सोय लागली, पण विश्वनाथ आणि चिमाबाई ठरलेले. आठवडाभर ठरवायचं, आता सांगते; आणि तो म्हातारीला हाताला धरून पायरी चढवताना दिसला की जीभ रेटायची नाही. कारण माणसात फरक पडत होता, आणि मी तो माझ्या डोळ्यांनी बघत होते. तो दाढी करू लागला. दोरीवरच्या साड्या काढून ट्रंकेत ठेवल्या. गीत म्हणायचा नाही, प्रार्थना करायचा नाही, पण चिमाबाईंची मान भिंतीला लागू नये म्हणून मधे आपला रुमाल ठेवायचा.

एकदा मी विचारलं, "इतक्या लांबून येऊन त्या झोपतात. तुम्ही काही म्हणत नाही?"

"विचारलं होतं. म्हणाल्या, घरात झोप लागत नाही. इथं लागते."

जुईबद्दल मात्र त्याने अजून अवाक्षर काढलं नव्हतं. मार्च गेला. संगमनेरहून आणखी एक पत्र आलं, वकील ठरल्याचं.

एप्रिलमध्ये विश्वनाथचा रोलर पंधरा दिवस खानवेलच्या रस्त्यावर होता. तोही तिकडेच शेडमध्ये राहायचा. काम शनिवारी संपलं. सोमवारी रोलर सिल्वासाच्या डेपोत आणायचा होता. रविवारी पहाटे तो चिमाबाईंना घेऊन स्टँडवर आला तर बस नाही; रात्रीच तिच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता, आणि पुढची दुपारी. विश्वनाथने थोडा वेळ विचार केला. मग सोमवारऐवजी रविवारीच रोलर नेलेला काय वाईट, असं त्याच्या मनाने घेतलं.

ते सहाला निघाले. वीस-एक किलोमीटर. चढ आले, पाणी घालायला दोनदा थांबले, एका वळणावर म्हशी बसल्या होत्या त्या उठेपर्यंत थांबले. इकडे उपासना झाली, चहा झाला, लोक घरी गेले. मी आणि अरविंद कुलूप लावत होतो तेव्हा जमीन हलायला लागली. पावणेबाराला रोलर चाळीच्या तोंडाशी उभा राहिला. वर चिमाबाई, डोक्यावरून पदर, दोन्ही हातांनी लोखंड धरून.

"झाली का?" त्यांनी वरूनच विचारलं.

"झाली," अरविंद म्हणाला.

"मंग परत करा. मना काय ठावं तुमी थांबायचे नाय."

अरविंदने माझ्याकडे बघितलं, कुलूप उघडलं आणि पुन्हा उपासना केली. तीन माणसांसाठी एक गीत, एक पाठ, एक प्रार्थना. चिमाबाई झोपल्या.

गुरुवारी विश्वनाथला मेमो मिळाला. शासकीय यंत्रावरून अनधिकृत प्रवासी वाहतूक, तसेच सुटीच्या दिवशी विनापरवाना यंत्र हलवणे. सात दिवसांत खुलासा द्या, अन्यथा निलंबन. तो मेमो घेऊन संध्याकाळी माझ्याकडे आला. सोबत संगमनेरचं पत्रही होतं. दोन्ही कागद त्याने माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"बाई, खुलासा लिहून द्या. आणि निलंबन झालं तर दुसऱ्यालाही हो लिहून टाका. घरी बसलेल्या बापाकडे पोर कशाला."

माझ्या एका चिठ्ठीपायी हा माणूस नोकरी घालवणार होता आणि पोरगीही.

"कारण काय लिहू?" मी विचारलं.

"लिहा, वार्षिक वचन."

मी पेन खाली ठेवलं. मग सगळं सांगितलं. उत्तरपत्रिकांचे कागद, दोन डबे, विरजण, एक्केचाळीस. सांगताना रडले, ते लपवत नाही. तो ऐकत होता. मधे त्याने खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून चिठ्ठी काढली आणि टेबलावरच्या दोन कागदांशेजारी तिसरी ठेवली.

"म्हणजे हे काम होतं," तो म्हणाला.

"हो."

"कुणाचं?"

"कुणाचंच नाही. कुणी करत नव्हतं म्हणून तर चिठ्ठी केली."

त्याने चिठ्ठीची घडी उलगडली. मी म्हटलं, "विश्वनाथभाऊ, तुम्हाला राग आला असेल तर..."

"शोभाचं वचन बरोबर डब्यातलं होतं ना?"

"होतं."

"मग मला चुकीच्या डब्यातलंच बरं पडलं, बाई. त्या दिवशी ते वाचलं आणि वाटलं, हे ठीक आहे. यात तो मला काही देतो म्हणत नाही. नुसतं काम सांगतो. दिलेलं काढून घेतलं तर माणूस काय करणार? पण सांगितलेलं काम करता येतं." त्याने चिठ्ठी परत पाकिटात ठेवली. "आणि बाई, आठ महिने त्या म्हातारीला कुणी आणलं नव्हतं. ती दर रविवारी तयार होऊन ओट्यावर बसायची. मला कंडक्टरने सांगितलं. ती चिठ्ठी त्या डब्यात पडली नसती तर अजून बसलेली असती."

आमच्या पाळकसाहेबांनी वीस वर्षं प्रवचनं केली, त्यातलं एकही मला इतकं लागलं नव्हतं.

"रोलरवर सहा तास होतो," तो पुढे म्हणाला. "म्हातारी सहा तास बोलली. मला म्हणाली, मना चार पोरं व्हती. चारीच्या चारी मेली. मेलेलं पोर कोन आणून देत नाय. तुजी पोर जिती हाय, न् तू ती लोकाच्या घरा ठेवलीस. कशापायी? मी म्हटलं, माझं घर नीट नाही. तर म्हणाली, माजं घर काय नीट हाय? तरी तू येतूस ना दर रविवारी?"

तो एवढं बोलल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी पेन उचललं.

खुलासा त्याने सांगितला तसाच लिहिला. "म्हातारीला उपासनेला पोचवायचे होते. बस नव्हती. रोलर होता. चूक मान्य आहे." मी आणखी दोन ओळी सुचवल्या, त्या त्याने घेतल्या नाहीत. मग म्हणाला, "दुसरा कागद आहे का?"

दुसरं पत्र अनुराधाला. तेही सांगितलं तसंच. "अनुराधाताई, तुम्ही जुईला आईसारखं केलंत, हे मी जन्मभर विसरणार नाही. कागद करू नका. जुईला मी घेऊन येणार. घर तयार नाही, मीही तयार नाही. पण ती आली की होऊ. निलंबन झालं तरी आणणार." तिथे तो थांबला आणि म्हणाला, "शेवटचं वाक्य गाळायचं का?" मी म्हटलं आता लिहून झालं. खरं तर शाई ओली होती, खोडता आलं असतं.

खुलासा द्यायला तो गेला तेव्हा साहेबांनी कागद तीनदा वाचला. साहेब बडोद्याकडचे, हिंदीत गुजराती मिसळून बोलणारे.

"सवेरे कितने बजे निकले?"

"सहा."

"पहुँचे कब?"

"पावणेबारा."

"छे कलाक? रोलर पर? और माजी साथ में?" साहेबांनी पेन उघडलं. "सजा तो हो गई," म्हणाले आणि ताकीद देऊन प्रकरण बंद केलं. पुन्हा असं घडल्यास गय केली जाणार नाही, असंही लिहिलं. पुन्हा असं घडलं नाही, कारण बसचा पाटा दुरुस्त झाला.

संगमनेरहून आठ दिवस उत्तर नाही. विश्वनाथ रोज पोस्टमनच्या वाटेवर रोलर उभा करायचा, म्हणजे पोस्टमनला थांबावंच लागे. नवव्या दिवशी आलं. अनुराधाने स्वतः लिहिलं होतं. "शाळा संपली की मीच आणून पोचवते. तुम्ही येऊ नका, मला इथून तिला तुमच्याबरोबर जाताना बघवणार नाही." आणि खरोखर मे अखेरीला ती जुईला घेऊन आली. सोबत लोणच्याच्या दोन बरण्या, वेणीच्या रिबिनींचं पुडकं आणि जुईला काय चालतं काय चालत नाही याची चार पानी यादी. दोन दिवस राहिली, घर धुऊन काढलं. जाताना स्टँडवर ती अशी रडली की कंडक्टरने बस पाच मिनिटं थांबवली. तिच्यासाठी मला आजही वाईट वाटतं. एकाचं घर भरलं म्हणजे दुसरीचं रिकामं झालंच.

जूनच्या पहिल्या रविवारी खानवेलच्या बसमधून तिघं उतरली. जुई पिशवी घेऊन पुढे, मागे विश्वनाथ आणि चिमाबाई. चिमाबाईंनी बसमध्ये जुईचं तोंड हातांनी चाचपून बघितलं होतं म्हणे, आणि "हाडकुळी हाय, पन हाय" असा शेरा दिला होता.

त्या दिवशी पाळकसाहेब नव्हते, उपासना अरविंदने चालवली. आमच्यात शेवटी ज्याला कुणाला प्रार्थना करायची त्याने उभं राहून करायची असते. नेहमीचे तिघे-चौघे उठतात, नेहमीचंच बोलतात. ते झाले. अरविंद आता समारोप करणार, तेवढ्यात सतरंजीवर कुणीतरी उठल्याची चाहूल लागली. डोळे मिटलेले असताना बघू नये, पण मी बघितलं. विश्वनाथ उभा होता. हात कुठे ठेवावे ते त्याला सुचत नव्हतं, शेवटी त्याने ते पाठीमागे बांधले.

"प्रभू," तो म्हणाला, "मी विश्वनाथ भिंगारदिवे. बांधकाम खात्यातला."

भिंतीपलीकडून कुणीतरी खोकलं. तो थांबला, मग पुढे बोलला.

"तीन वर्षं झाली, मी तुझ्याशी बोललो नाही. रागात होतो. अजून थोडा आहे. तुला ठाऊक असेलच. जुई कालपासून शाळेचा फ्रॉक घालून बघतेय, तो आखूड होतोय. मला वेणी घालता येत नाही, ती तिरकी होते. डाळ जमते. बाकीचं बघू. मी जसं जमेल तसं करतो, पण तू जवळपास राहा."

मला वाटलं झालं. अरविंदलाही वाटलं असावं, त्याने घसा साफ केला.

"आणि शोभाला सांग," विश्वनाथ म्हणाला, "जुई घरी आली."

मग तो खाली बसला. प्रार्थना संपली की अजून काही आहे हे कुणालाच कळलं नाही, आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. आम्ही सगळे डोळे मिटून तसेच बसून राहिलो.